उंदरांच्या ताटात काय वाढावं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे परदेशी साप पाळणाऱ्यांची पत्रं बरीच आहेत. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच: सापाला घालायला लहान पांढरे माइस किंवा मोठे रॅट घरीच वाढवतो, पण त्या उंदरांना खायला काय द्यायचं? साप उंदीर अख्खा गिळतो, चरबी आणि यकृतासकट. उंदराला जे मिळालं नाही ते सापालाही मिळत नाही. शिवाय उंदीर हाही जीव आहे. तो तीन आठवडे जगो की वर्षभर, त्याला पोटभर आणि धड अन्न मिळालंच पाहिजे, असं आम्ही मानतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतीय जातींचे साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर करावी लागते. ती केली नसेल तर खाद्याआधी ते काम उरका.

प्रश्न : घरात सकाळचे पोहे उरतात, ओळखीच्या नमकीनवाल्याकडून सेंवेचा चुरा स्वस्तात मिळतो. माइसना तेच देतो, जोडीला शिळी पोळी. आवडीनं खातात, गुबगुबीत दिसतात. तरी पिल्लं कमी होतात आणि साप जाड होत चाललाय. असं का? (सुदामानगर, इंदूर)

गुबगुबीतपणा हीच तक्रार समजा. सेंवेत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त तेल असतं, वर मीठ आणि मसाला. पोह्यांत प्रथिनं जेमतेम सहा-सात टक्के. पोळी बरी, पण एकट्या गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि कॅल्शियम तर जवळजवळ नसतंच. वाढत्या माइसना आणि रॅटना खाद्यात सुमारे १८ टक्के प्रथिनं, ५ टक्के स्निग्ध आणि अर्धा टक्का कॅल्शियम लागतं. विणीवरच्या मादीला प्रथिनं २० टक्क्यांपर्यंत आणि स्निग्ध ७-८ टक्क्यांपर्यंत चालतं. तुमच्या ताटात प्रथिनं याच्या निम्म्याच्या आसपास आणि तेल दुपटी-तिपटीनं आहे. म्हणून मादी अंगानं सुटते, पण दूध पुरत नाही आणि वीत, म्हणजे एका वेळची पिल्लं, लहान होते.

सापाचं जाड होणं त्यातूनच आलंय. खाद्य बदललं म्हणून उंदराच्या अंगातली प्रथिनं आणि हाडांतलं कॅल्शियम फारसं बदलत नाही. शरीर ते सांभाळून ठेवतं आणि फारच कमी पडलं तर वाढच थांबवतं. बदलते ती चरबी, आणि चरबीत विरघळणारी 'अ' आणि 'ई' ही जीवनसत्त्वं. सेंवेवर पोसलेला तीस ग्रॅमचा माऊस आणि धड खाद्यावरचा तीस ग्रॅमचा माऊस काट्यावर सारखेच भरतात, पण पहिल्यात साप निव्वळ तेल गिळत असतो.

सेंव आजपासून बंद. शिळे पोहे मीठ-तेल नसलेले असतील तर आठवड्यातून एकदा चिमूटभर दिले तरी हरकत नाही. वरच्या खाण्याचा सगळा मिळून वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या उंदरांचं पेलेट (दाबून केलेलं कांडी-खाद्य) मोठ्या पोत्यातच मिळतं. माझ्याकडे दोन-तीन पिंजरे आहेत. घरी खाद्य बनवता येईल का? प्रमाण द्या. (रामबाग, इंदूर)

आधी पेलेटबद्दल. चार-पाच जणांत एक पोतं वाटून घेता आलं तर तोच मार्ग सगळ्यात निर्धोक. घेताना दळल्याची तारीख बघा. सहा महिन्यांपुढे जीवनसत्त्वं उतरतात. पेलेट संपूर्ण आहार असतं, त्यात आपली डाळ-दाणे मिसळून ते पातळ करू नका.

घरी करायचंच तर दहा किलोचं हे मिश्रण उपयोगी पडतं. सियागंजात किंवा छावणी मंडीच्या आसपास बहुतेक जिन्नस मिळतील. गहू साडेचार किलो, मका दीड किलो, सोया वडी दीड किलो, साल काढलेले फुटाणे एक किलो, ज्वारी अर्धा किलो, स्निग्धांश काढलेली दूध पावडर अर्धा किलो, सोयाबीन तेल ३०० ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट १०० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम. यातून प्रथिनं सुमारे १९ टक्के, स्निग्ध ५ टक्के आणि कॅल्शियम अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर बसतं. गहू-मक्यात लायसिन कमी, ते सोया भरून काढतो. सोयात मेथिओनिन कमी, तिथं धान्य आणि दूध पावडर मदतीला येतात. म्हणून एखादा जिन्नस महाग झाला की तो गाळून दुसरा वाढवायचा, असं करू नका.

कॅल्शियम कार्बोनेट खाण्याच्या दर्जाचं हवं. कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतं. पानाचा चुना त्याच्या जागी अजिबात चालत नाही, तो तोंड आणि आतडं भाजतो. रांगोळीही नको.

राहिली जीवनसत्त्वं आणि जस्त, तांबं, मँगनीज यांसारखी सूक्ष्म खनिजं. ती वरच्या धान्यांतून पुरेशी मिळत नाहीत. त्यासाठी कोंबडीखाद्यात घालतात ते जीवनसत्त्व-खनिजांचं प्रिमिक्स घ्या, पण त्यात प्रतिजैविक किंवा कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीवरचं औषध मिसळलेलं नाही याची खात्री करून. पाकिटावर एक टन खाद्याला जेवढं लिहिलं असेल त्याचा शंभरावा भाग दहा किलोला पुरतो. टनाला एक किलो असेल तर तुम्हाला दहा ग्रॅम. इथं अंदाजानं चमचा मारू नका, वजनकाटा वापरा. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व जास्त झालं तर ते विषासारखं वागतं.

दहा ग्रॅम पूड दहा किलोत सरळ टाकली तर कुठल्या तरी एका कोपऱ्यातच बसते. आधी ती दूध पावडरीत नीट कालवा, मग ते एक किलो भरडीत, मग ते सगळ्यात. तेल शेवटी, हातानं चोळून. धान्याची भरड जाड रव्याएवढी ठेवा. दाणे अख्खे राहिले की माइस मका-फुटाणे वेचून खातात आणि ज्यासाठी खटाटोप केला तो भुगा तळाशी राहतो.

भुगा तसाच दिला तर निम्मा बिछान्यात जातो आणि दातांनाही काम मिळत नाही. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. म्हणून आठवड्यापुरतं मिश्रण घ्या: एक किलोला साधारण साडेतीनशे ते चारशे मिली कोमट पाणी, पुरीच्या कणकेहून घट्ट मळा, दीड सेंटिमीटर जाडीचं थापा, बोटाएवढ्या कांड्या कापा. उन्हाळ्यात सावलीत पंख्याखाली वाळतात. नाहीतर ओव्हन ६०-७० अंशांवर ठेवून चार-पाच तास, कांडी मधून मोडताना कट्‌ आवाज येईपर्यंत. आतून लवचीक राहिलेली कांडी दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आणि बाफल्यांसारखं (माळव्यातल्या बाट्यांसारखं) जोरकस भाजू नका, 'अ' आणि 'ब१' जीवनसत्त्व तिथंच जळून जातं.

किती द्यायचं? मोठा माऊस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम खातो, रॅट १५ ते २५. पाजणारी मादी याच्या दुप्पट ते तिप्पट. वाढत्या आणि विणीच्या जनावरांपुढे खाद्य कायम असू द्या. निव्वळ सांभाळायच्या मोठ्या नर रॅटना मात्र मोजून, तेही सोया थोडा कमी करून, कारण चार-पाच महिन्यांनंतर ते झपाट्यानं चरबी धरतात. खाद्य पिंजऱ्याच्या जाळीच्या झाकणातल्या खोबणीत ठेवा, जमिनीवर नको. उंदीर रात्री खातात, तेव्हा भरायची वेळ संध्याकाळची.

प्रश्न : सांवेरजवळ आमचं शेत आहे. सोयाबीन घरचाच आहे. सोया वडी विकत घेण्याऐवजी तोच दळून घातला तर? (लोकमान्य नगर, इंदूर)

कच्चा दळून घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक असतात. खाद्य पोटात जातं, प्रथिनं तशीच बाहेर पडतात आणि स्वादुपिंड फुगतं. ऑसबोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये हे दाखवून दिलं ते रॅटवरच: कच्च्या सोयाबीनवर पिल्लं वाढेनात, शिजवलेल्यावर वाढली.

सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरला वीस मिनिटं शिजवा, कडक वाळवा आणि मग भरडा. दीड किलो वडीच्या जागी असा वाळलेला सोयाबीन एक किलो ८०० ग्रॅम लागेल. त्यात स्वतःचंच सुमारे वीस टक्के तेल असतं, तेव्हा वरच्या मिश्रणातलं ३०० ग्रॅम तेल गाळा. हे विसरलात तर स्निग्ध आठ टक्क्यांच्या आसपास जाईल. (इंदूरच्याच सोयाबीन संशोधन संस्थेनं कुनिट्झ हा ट्रिप्सिनला अडवणारा मुख्य घटक नसलेलं एनआरसी १२७ हे वाण काढलंय, आणि माळव्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातही बाकीचे घटक थोडे असतातच. शिजवणं त्यालाही हवं.)

प्रश्न : कुत्र्याच्या पिल्लांचं कोरडं खाद्य दिलं तर उंदीर लवकर मोठे होतात असं ऐकलं. आणि कोंबडीचं लेयर मॅश चालेल का? ते सगळ्यात स्वस्त आहे. (विजयनगर, इंदूर)

लेयर मॅश नाही. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घालतात, म्हणजे उंदराच्या गरजेच्या सात-आठ पट. मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडियावरची औषधं असतात, ती उंदरासाठी नाहीत आणि सापासाठी तर नाहीतच.

कुत्र्याचं खाद्य विष नाही, पण कायमचा आहार म्हणून चुकीचं. पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या पुढे आणि स्निग्ध बऱ्याचदा १२-१५ टक्के असतं. उंदीर लवकर 'मोठे' होतात ते याच तेलामुळे. अगदी वापरायचं असेल तर पाजणाऱ्या रॅट मादीला दिवसाआड एक-दोन दाणे.

प्रश्न : मादी पिल्लं खाऊन टाकते. दोन वेळा झालं. खाद्यात कमी पडतंय का? (वैशालीनगर, इंदूर)

पडत असेल, पण खाद्याआधी पाणी तपासा. पाजणाऱ्या मादीला एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. बाटली भरलेली दिसते आणि नळीतली गोळी अडकलेली असते, किंवा नळीत हवेचा बुडबुडा बसलेला असतो. एका रात्रीत दूध आटतं आणि सकाळी वीत गेलेली असते. बाटली टांगल्यावर बोटाच्या टोकानं गोळी वर दाबा. थेंब बोटावर आला पाहिजे, आणि दोन-तीनदा दाबल्यावरही आला पाहिजे. विणीच्या पिंजऱ्याला नेहमी दोन बाटल्या ठेवा.

पाणी ठीक असेल तर मग खाद्य. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यापासून पिल्लांचं दूध तुटेपर्यंत मादीला उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्या: माऊसला नखाएवढा, रॅटला एक चकती, आठवड्यातून दोन-तीनदा. दोन तासांत खाल्ला नाही तर काढून टाका. माइस १९ ते २१ दिवसांत वितात, रॅट २१ ते २३. तारखा लिहून ठेवल्या की अंडं कधी सुरू करायचं ते कळतं.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. विल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच असेल तर ती एक वीत पाजता पाजता दुसरी पोटात वाढवते. कितीही चांगलं खाद्य दिलं तरी अशी मादी दोन-तीन विणींत झिजते. पोट दिसायला लागलं की नर वेगळा करा आणि पिल्लं २१ दिवसांची होऊन तुटल्यावर तिला निदान दोन आठवडे विसावा द्या.

तुमचं पत्र मे महिन्यातलं आहे, म्हणून एक आणखी. तापमान तिशीच्या पुढे गेलं की उंदीर खाणं कमी करतात, दूध घटतं आणि नराची प्रजननक्षमताही उतरते. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये थंड खोली नसेल तर त्या काळात वीत घेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत. आणि पहिले चार-पाच दिवस पिल्लं बघायला बिछाना उकरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात खाद्याला कुबट वास येतो. उन्हात वाळवून वापरलं तर चालेल का? शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळते, तीही विचारायची होती. (राजेंद्रनगर, इंदूर)

नाही. बुरशी उन्हानं मरेल, पण तिनं दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन तसंच राहतं. घरच्या भाजण्या-उकळण्यानंही ते जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी दगावले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष निघालं, आणि तेव्हापासून ते जगाला माहीत झालं. रॅटचं यकृत या विषाला फार हळवं आहे, माइसपेक्षा कितीतरी जास्त. वरून काही दिसत नाही. वजन थांबतं, केस निस्तेज होतात, विणी बारीक होतात, आणि आपण दोष थंडी-पावसाला देतो.

म्हणून शेंगदाणा पेंड पूर्ण वर्ज्य. मका घेताना मूठभर दाणे उजेडात नीट बघा. दाण्याच्या टोकाकडचा कोंब काळपट असेल किंवा फटीत हिरवट-पिवळी पूड दिसली तर पूर्ण पोतं सोडा, वेचून घेऊ नका. जुलै ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरताच माल घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा. तेल मिसळलेलं मिश्रण एका महिन्याच्या आत संपवा, खवट तेल 'ई' जीवनसत्त्व खाऊन टाकतं.

आणि साठवणीच्या धान्यात सल्फासच्या गोळ्या घरात कधीही नाही. त्यातून निघणारा वायू उंदीर आणि माणूस असा भेद करत नाही.

प्रश्न : सापाला घालायच्या आदल्या रात्री उंदराला पौष्टिक खायला घातलं तर फायदा होतो का? (पलासिया, इंदूर)

फारसा नाही. ही पद्धत खाद्य म्हणून घालायच्या नाकतोड्यांची, कारण त्यांच्या वजनात पोटातल्या खाद्याचा वाटा मोठा असतो. उंदराच्या यकृतात आणि चरबीत जे साठतं ते आठवड्यांनी साठतं, एका रात्रीत नाही. उपाशी मात्र ठेवू नका. घरात पकडलेला उंदीर तर कधीच देऊ नका: त्यानं ब्रोमॅडिओलोनसारखं उंदीर मारायचं विष खाल्लेलं असेल तर ते सापात उतरतं.

जिवंत उंदीर सापासमोर सोडू नये. उंदराचे हाल होतात आणि भुकेला रॅट सापाची पाठ हाडापर्यंत कुरतडू शकतो. वेदनारहित मारण्याची रीत पशुवैद्याकडून समक्ष शिकून घ्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरकरांना जवळ आहे.

प्रश्न : सापाचं पिल्लू आहे. त्याला पिंकीच देत राहिलो तर? आणि फ्रीजरमध्ये उंदीर किती दिवस टिकतात? (नारायणबाग, इंदूर)

पिंकी म्हणजे नुकतं जन्मलेलं पिल्लू. त्याची हाडं अजून कच्ची, म्हणून कॅल्शियम कमी, आणि 'अ' जीवनसत्त्वाचा साठाही लहान. सुरुवातीला चालतं, पण सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग पिंकीहून जाड झाला की केस फुटलेल्या फझीवर आणि पुढे हॉपरवर, म्हणजे उड्या मारू लागलेल्या पिल्लावर, या. पिंकी निवडताना पोटाच्या डाव्या बाजूला कातडीतून पांढरा ठिपका दिसतो का बघा. ते आईचं दूध. पिंकीतलं बरंचसं कॅल्शियम त्या दुधातच असतं. ठिपका नसलेलं पिल्लू उपाशी आहे. त्याला आईखाली परत ठेवा, आणि सगळ्याच पिल्लांना ठिपका नसेल तर आईचं खाद्य-पाणी तपासा.

फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर सहा महिने, त्यापुढे नाही. 'ई' जीवनसत्त्व घटत जातं आणि चरबी गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू खवट होते, तेलकट खाद्यावर वाढलेल्या उंदरांची आणखी लवकर. पिशवीतली हवा काढा, तारीख लिहा. रात्री खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग पिशवीसकट कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, तो बाहेरून गार आणि आतून शिजलेला उंदीर देतो. वीज जाऊन उंदीर पूर्ण वितळले असतील तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.